जुन्या प्लेस्टेशन २ ची देखभाल आणि मॉडिंग : पहिल्यांदा यंत्र उघडणाऱ्यांसाठी

माळ्यावरून खाली काढलेला प्लेस्टेशन २ पाहिला की पहिली इच्छा होते ती वायर जोडून लगेच चालू करण्याची. ती इच्छा तासभर आवरावी, एवढीच या लेखाची पहिली विनंती आहे. सोनीचे हे व्हिडिओ गेमचे यंत्र जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी विक्रीस आले, जगभरात त्याचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले आणि २०१३ च्या सुरुवातीस त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे अगदी शेवटी बनलेल्या नगालाही आता एका तपाहून अधिक काळ लोटला आहे. या काळात त्याच्या मुख्य बोर्डाला सहसा काही झालेले नसते. झिजते ते हलणारे सगळे: लेझर, लेझर सरकवणारा दांडा, पंखा, डिस्क फिरवणारी मोटर. त्यातही लेझर सर्वांत नाजूक आहे आणि त्याचा चांगला सुटा भाग मिळणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

म्हणूनच मॉडिंगकडे, म्हणजे मूळ कंपनीने न दिलेल्या सोयी यंत्रात आणण्याकडे, मी देखभालीचाच पुढचा टप्पा म्हणून पाहतो. पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क किंवा नेटवर्कवरून गेम चालवता आले की लेझरवरचा भार जवळजवळ संपतो आणि यंत्राचे आयुष्य वाढते. मात्र क्रम बदलू नये. आधी यंत्र निरोगी करावे, मगच मॉड करावे. कारण आजारी यंत्रावर मॉड केले आणि काही अडले, तर दोष जुना की आपण केलेला, हे नवशिक्याला कळत नाही.

आपल्या हातात नेमके कोणते यंत्र आहे

यंत्राच्या मागील किंवा खालील बाजूच्या स्टिकरवर ‘एससीपीएच’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. तो वहीत लिहून घ्यावा, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर अवलंबून आहे. ३००००, ३९००० आणि ५०००० या मालिका म्हणजे जाडजूड ‘फॅट’ यंत्रे. त्यांच्या पाठीमागे हार्ड डिस्क आणि नेटवर्क अडॅप्टर बसवण्यासाठी एक कप्पा असतो. २००४ मध्ये आलेल्या ७०००० पासून ‘स्लिम’ यंत्रे सुरू होतात. त्यांत हा कप्पा नाही, पण नेटवर्कचे भोक मात्र मुळातच दिलेले आहे. ७०००० ते ७९००० या मालिकांना बाहेरचा ८.५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, तर शेवटच्या ९०००० मालिकेत वीजपुरवठ्याचा भाग पुन्हा यंत्राच्या आत गेला आहे.

क्रमांकातील शेवटचा अंक प्रदेश सांगतो. ५०००१ म्हणजे अमेरिकेतील, ५०००४ म्हणजे युरोपातील, ५०००० म्हणजे जपानमधील यंत्र. आपल्याकडे हा अंक फार महत्त्वाचा आहे, कारण कितीतरी घरांत हे यंत्र अमेरिकेतील काका-मामांनी सामानातून आणलेले असते. अमेरिकन फॅट यंत्र आणि अमेरिकन ९०००० मालिका १२० व्होल्टसाठी, तर जपानी फॅट यंत्र १०० व्होल्टसाठी बनलेले आहे. ते आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीवरील सॉकेटात थेट लावले तर क्षणात आतला वीजपुरवठा जळतो. पिनचा आकार बदलणारा साधा कन्व्हर्टर व्होल्टेज कमी करत नाही, ही गोष्ट घरातील सर्वांना सांगून ठेवावी. अशा यंत्रासाठी किमान १०० वॅट क्षमतेचा, २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. स्लिमच्या बाहेरच्या अडॅप्टरवर मात्र तो किती व्होल्ट घेऊ शकतो हे छापलेले असते. तिथे ‘१००–२४०’ असे लिहिलेले असेल, तर पिनचा कन्व्हर्टर पुरतो.

उघडण्यापूर्वीचे निदान

योग्य वीज मिळते आहे याची खात्री झाली की यंत्र मोकळ्या टेबलावर ठेवून जोडावे. फॅट यंत्राच्या मागे एक मुख्य स्विच असतो आणि तो बंद राहिल्यामुळे ‘यंत्र मेले’ असे समजणारे अनेकजण मी पाहिले आहेत. स्विच चालू केल्यावर पुढचा दिवा लाल व्हायला हवा आणि बटण दाबल्यावर हिरवा. दिवाच लागत नसेल तर दोष वीजपुरवठ्याचा आहे. नवशिक्याने वीजपुरवठ्याचा बोर्ड स्वतः उघडू नये, कारण त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही धोकादायक भार शिल्लक राहू शकतो. ते काम टीव्ही किंवा वीजपुरवठा दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्यावे.

यंत्र सुरू होत असेल तर तीन प्रकारच्या डिस्क लावून पाहाव्यात. प्लेस्टेशन २ च्या सीडीवर आलेल्या गेमची खालची बाजू निळसर असते, डीव्हीडीवर आलेल्यांची चंदेरी असते आणि पहिल्या प्लेस्टेशनच्या बहुतेक डिस्कची काळी. या यंत्राच्या लेझरमध्ये सीडी आणि डीव्हीडी यांसाठी प्रकाशाचे स्रोत वेगवेगळे आहेत. त्यामुळे चंदेरी डिस्क चालतात पण निळ्या अजिबात नाहीत, किंवा याच्या उलट, असे घडले तर तो बहुधा धुळीचा प्रश्न नसून एक स्रोत क्षीण झाल्याचे लक्षण असते. दोन्ही प्रकार अधूनमधून चालतात, अधूनमधून अडतात, तर मात्र लेन्सवरची धूळ, सुकलेले ग्रीस किंवा लेन्सची उंची यांपैकी काहीतरी कारणीभूत आहे आणि ते घरच्या घरी सुधारता येते. प्रत्येक वेळी यंत्र चालू करताच तारीख, वेळ आणि भाषा विचारत असेल, तर आतील सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपला आहे.

स्लिमच्या बाबतीत आणखी एक चाचणी कधीही चुकवू नये. या यंत्रात लेझरला जोडणारी कागदासारखी पातळ रिबन केबल काही वेळा वर उचलली जाते आणि फिरणाऱ्या डिस्कला घासते. म्हणून पहिल्यांदा टाकाऊ डिस्क लावावी, पाच मिनिटे चालू ठेवावी आणि बाहेर काढून तिरप्या उजेडात तिची खालची बाजू पाहावी. त्यावर एकाच केंद्राभोवतीची नवी गोल रेघ उमटली असेल, तर केबल खाली चिकटवेपर्यंत आवडती डिस्क त्या यंत्रात घालू नये.

हत्यारे

फुलीच्या टोकाचे दोन स्क्रू ड्रायव्हर, एक मध्यम आणि एक बारीक, पुरेसे आहेत. दुकानात त्यांना स्टार म्हणतात. त्याशिवाय ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, चांगल्या प्रतीच्या कापसाच्या काड्या, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, रबरी फुग्याचा ब्लोअर, थोडे पांढरे लिथियम ग्रीस आणि स्क्रू ठेवायला कप्प्यांचा डबा घ्यावा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळे एका फेरीत मिळते. औषधाच्या दुकानातील जंतुनाशक स्पिरिट वापरू नये, कारण त्यात पाणी आणि इतर द्रव्ये असतात आणि लेन्सवर डाग राहतो. तोंडाने फुंकर मारणे तर पूर्ण वर्ज्य समजावे, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे सूक्ष्म थेंब लेन्सवर बसतात.

फॅट यंत्र उघडणे

वायर काढून यंत्र उलटे करावे. तळाशी रबरी पाय आणि प्लास्टिकची चौकोनी झाकणे दिसतील. ती बारीक ड्रायव्हरच्या टोकाने अलगद उचलली की खाली मॉडेलनुसार आठ किंवा दहा लांब स्क्रू सापडतात. ते सगळे काढावेत, पण यंत्र उलटे असताना झाकण ओढू नये. यंत्र पुन्हा सुलटे करून वरचे झाकण मागच्या बाजूने आधी उचलावे आणि पुढच्या बाजूला एक-दोन बोटांच्या अंतरावर थांबावे.

इथे थांबण्याचे कारण महत्त्वाचे आहे. पुढच्या उजव्या कोपऱ्यातील चालू-बंद आणि इजेक्टच्या बटणांचा छोटा बोर्ड वरच्या झाकणाला जोडलेला असतो आणि तिथून एक कागदासारखी पातळ रिबन केबल खाली मुख्य बोर्डाकडे जाते. मी माझे पहिले यंत्र उघडले तेव्हा झाकण एकदम वर घेतले आणि ती पट्टी टोकाशी अर्धी फाटली. यंत्र पूर्ण निरोगी होते, फक्त ते चालू करण्याचे बटणच उरले नव्हते, आणि ती पट्टी मिळवण्यात दोन महिने गेले. म्हणून झाकण पुस्तकासारखे पुढच्या बाजूला कलवावे, बटणांचा बोर्ड झाकणातून आधी सोडवावा आणि मगच झाकण बाजूला ठेवावे.

आता धातूचे आवरण असलेला डिस्क ड्राइव्ह आणि मागच्या बाजूला पंखा दिसेल. पंख्याच्या पात्यांवर साचलेला धुळीचा थर ब्रशने झाडावा. ब्लोअर वापरताना पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोतात पंखा वेडावाकडा गरगरू दिला तर त्याच्या बेअरिंगला इजा होते. पुढच्या जाळीतील धूळही काढावी. हवा तिथूनच आत येते. मुख्य चिपवरचे उष्णतावाहक पॅड मात्र यंत्र गरम होऊन बंद पडत नसेल तर हलवू नयेत. चांगले बसलेले पॅड उचकटले की पुन्हा तसे बसत नाहीत.

लेन्स, दांडे आणि दातेरी चाक

ड्राइव्हच्या आवरणाचे छोटे स्क्रू काढून आवरण उचलले की मसुराच्या दाण्याएवढी, किंचित निळसर झाक असलेली लेन्स दिसते. ती अतिशय बारीक स्प्रिंगांवर तरंगत असते. काडीचे टोक अल्कोहोलमध्ये बुडवून ते एकदा स्वच्छ कागदावर टेकवावे, म्हणजे जादा थेंब निघून जाईल. मग काडीच्या वजनाएवढाच भार देत मध्यापासून बाहेर असे दोन-तीन वेळा गोल फिरवावे आणि दुसऱ्या कोरड्या काडीने तसेच टिपून घ्यावे. लेन्स खाली दबते आहे असे वाटले तर जोर जास्त झाला. पाच मिनिटे वाळू द्यावे आणि दिव्याच्या प्रतिबिंबात पाहावे: प्रतिबिंब कडेपर्यंत स्वच्छ दिसायला हवे. कोकणात किंवा गोव्यात पावसाळे काढलेल्या यंत्राच्या लेन्सवर कोळिष्टकासारखी बारीक जाळी दिसली तर ती बुरशी असते. एका पुसण्यात ती जात नाही, तेव्हा जोर न वाढवता प्रत्येक वेळी नवी काडी घेऊन तीच कृती पुन्हा करावी.

लेन्स ज्यावर सरकते ते दोन गुळगुळीत दांडे आणि तिला पुढे-मागे नेणारा मळसूत्री दांडा यांवरचे जुने ग्रीस काळपट, चिकट झालेले असते. ते अल्कोहोलने पूर्ण पुसून काढावे आणि तांदळाच्या दाण्याएवढे नवे ग्रीस टूथपिकने पसरून लावावे. लेन्सचा गाडा बोटाने ढकलू नये. मळसूत्र हळूहळू फिरवून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन आणावा. माझ्या अनुभवात ‘डिस्क वाचत नाही’ अशी तक्रार असलेल्या फॅट यंत्रांपैकी बरीच एवढ्यावरच सुधारतात.

तरीही सुधारणा झाली नाही तर गाड्याच्या बाजूचे पांढरे दातेरी चाक पाहावे. ते लेन्सची उंची ठरवते. हात लावण्यापूर्वी चाकावर आणि त्याच्या शेजारी मार्कर पेनाने एकमेकांसमोर दोन ठिपके द्यावेत आणि मोबाइलवर फोटो काढावा. मग एका वेळी एकच दाता फिरवून, आवरण बसवून, तीच डिस्क लावून पाहावी. एका दिशेने तीन-चार दात्यांपर्यंत फरक पडला नाही तर मूळ खुणेवर परत येऊन दुसऱ्या दिशेने जावे. कंटाळवाणे काम आहे, पण घाईने पाच-सहा दाते फिरवले तर आपण योग्य जागा ओलांडून गेलो की तिच्यापर्यंत पोहोचलोच नाही, हे कळायला मार्ग राहत नाही.

लेझरच्या युनिटवर दोन सूक्ष्म फिरकी-स्क्रूसारखे नियंत्रकही दिसतील. त्यांनी प्रकाशस्रोताची शक्ती कमी-जास्त होते. त्यांना अजिबात हात लावू नये. काही वर्षांपूर्वी मी दुसरे एक यंत्र दुरुस्तीला दिले होते. तिथे हे नियंत्रक फिरवून ते ‘दुरुस्त’ करून दिले गेले, महिनाभर उत्तम चालले आणि मग लेझर कायमचा गेला. वाढवलेली शक्ती लेझरचे उरलेले आयुष्य झपाट्याने खाऊन टाकते. लेझर बदलायचाच झाला तर आपल्या मॉडेलला चालणारा क्रमांक पाहून घ्यावा. नव्या युनिटवर स्थिर विजेपासून संरक्षणासाठी डाग दिलेला (सोल्डर केलेला) एक छोटा पूल असू शकतो. बसवल्यावर तो काढला नाही तर नवा लेझरही मुका राहतो.

स्लिममध्ये लेन्सपर्यंत पोहोचायला काहीच उघडावे लागत नाही. वरचे झाकण उघडले की ती समोर असते. सोय आहे, आणि तोटाही तोच, कारण झाकण उघडे राहिले की धूळ थेट तिच्यावर बसते. रिबन केबल वर येत असेल तर यंत्र उघडून, लेन्स दोन्ही टोकांना नेऊन केबल कुठे कमानीसारखी फुगते ते पाहावे आणि तिच्या खालच्या स्थिर भागाला उष्णता सहन करणाऱ्या पातळ पट्टीने चिकटवावे. हलणारा भाग मात्र मोकळाच ठेवावा.

सीआर २०३२ सेल काही यंत्रांत खोबणीत असतो, काहींत वायरींसह. वायरींचा असेल तर तयार वायरी जोडलेलाच नवा सेल घ्यावा. साध्या सेलवर स्वतः तापता डाग देऊ नये, तो फुटू शकतो.

आजच्या टीव्हीवर चित्र

हे यंत्र जाड काचेच्या टीव्हीसाठी बनले होते. पिवळ्या पिनच्या साध्या केबलने आजच्या मोठ्या पडद्यावर चित्र पुसट दिसते. त्यासाठी यंत्राला दोष देऊ नये. लाल, हिरव्या आणि निळ्या पिनांची कॉम्पोनंट केबल वापरली तर फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. टीव्हीवर तशी जागा नसेल तर मागच्या भोकात बसणारा छोटा एचडीएमआय अडॅप्टर चालतो. इथे एक अडचण हमखास येते: पडदा हिरवट किंवा गुलाबी दिसतो, किंवा काहीच दिसत नाही. आधी पिवळ्या पिनेची केबल जोडून, यंत्राच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये कॉम्पोनंट व्हिडिओचा पर्याय आरजीबीवरून वाय-पीबी-पीआरवर न्यावा, मग अडॅप्टर लावावा.

मॉडिंग : डाग न देता

एकेकाळी मॉड म्हणजे मुख्य बोर्डावर केसाएवढ्या वायरींनी चिप जोडणे असे. आज नवशिक्याला त्याची गरज नाही. फ्री मॅकबूट नावाचा प्रोग्रॅम, खेळातील प्रगती साठवणाऱ्या मेमरी कार्डावर बसवला की यंत्र चालू होतानाच तो जागा होतो आणि त्याच्या यादीतून इतर प्रोग्रॅम सुरू करता येतात. यंत्रात काहीही कायमचे बदलत नाही. कार्ड काढले की यंत्र मूळ रूपात. आपल्या यंत्रात आधीच कोणीतरी चिप बसवलेली असेल तर चालू होताना वेगळे चिन्ह किंवा यादी दिसते. अशा वेळी ती चिप ओळखून, तात्पुरती निष्क्रिय करण्याची तिची पद्धत वापरावी, म्हणजे दोन्हींची टक्कर होणार नाही.

फ्री मॅकबूट ९०००० मालिकेच्या उशिरा बनलेल्या यंत्रांवर चालत नाही. स्टिकरवर तारखेचा संकेत असतो: ‘८सी’ म्हणजे २००८ ची तिसरी तिमाही. ८सी च्या काही यंत्रांवर ते चालते, काहींवर नाही, आणि ८डी पासून पुढे चालत नाही. अशा यंत्रांसाठी ओपनट्यूना हा पर्याय आहे. तोही मेमरी कार्डावरच बसतो, फक्त तो यंत्राच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे मेमरी कार्डातील फायली दाखवणाऱ्या पडद्यावर, गेल्यावर सुरू होतो.

कार्डावर पहिल्यांदा प्रोग्रॅम टाकायचा कसा, हा पूर्वी कोंबडी आधी की अंडे आधी असा पेच होता. २०२० मध्ये सीटर्ट या टोपणनावाच्या संशोधकाने फ्री डीव्हीडीबूट प्रसिद्ध केले आणि तो सुटला. यंत्रातील डीव्हीडी प्लेअरच्या प्रोग्रॅममधील एका त्रुटीचा त्यात उपयोग केला आहे. कृती अशी. डिस्क न घालता यंत्र चालू करून मुख्य पडद्यावर त्रिकोणाचे बटण दाबावे आणि दिसणाऱ्या यादीतील डीव्हीडी प्लेअरची आवृत्ती लिहून घ्यावी. स्लिममध्ये ती बहुधा ३.१० किंवा ३.११ असते. यंत्राची भाषा इंग्रजी ठेवावी. त्या आवृत्तीसाठीची डिस्क-प्रतिमा (डिस्कवरील सर्व माहितीची एकच फाइल) संगणकावर घेऊन ती चांगल्या कंपनीच्या कोऱ्या डीव्हीडी-आर वर कमीत कमी वेगाने लिहावी आणि लिहिण्याच्या शेवटी डिस्क पूर्णपणे बंद करण्याचा पर्याय निवडावा. ही डिस्क यंत्रात घातली की थोड्या वेळात यूलाँच-ईएलएफ हा फायली दाखवणारा प्रोग्रॅम उघडतो. डिस्क वाचलीच जात नसेल तर ड्राइव्हची सफाई पुन्हा तपासावी, किंवा ओळखीच्या कोणाच्या मॉड केलेल्या यंत्रावर आपले कार्ड तयार करून घ्यावे.

यूलाँच-ईएलएफ उघडल्यावर पहिले काम कार्ड मॉड करण्याचे नाही. एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह लावावा, फायलींच्या यादीत पहिले मेमरी कार्ड उघडावे आणि त्यातील प्रत्येक फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करावे. ही तुमची जुनी सेव्ह आहेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत भावंडांबरोबर जिंकलेली ती मालिका, ते अर्धवट राहिलेले शहर. हे दुसरीकडे कुठेही नाही. माझ्या जुन्या कार्डावर माझ्या धाकट्या भावाने स्वतःच्या नावाने बनवलेला एक फलंदाज अजूनही आहे आणि तो मी आता तीन ठिकाणी जपून ठेवला आहे. पेन ड्राइव्ह संगणकाला लावून फोल्डर खरोखर आली आहेत याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मॉडसाठी शक्यतो वेगळे, मूळ कंपनीचे ८ एमबीचे कार्ड वापरावे. बाजारातील ६४ किंवा १२८ एमबीची स्वस्त कार्डे कधी दगा देतील याचा नेम नसतो. फ्री मॅकबूटच्या इन्स्टॉलरचे फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकून, यूलाँच-ईएलएफमधून तो सुरू करावा आणि पहिल्या खाचेतील कार्डावर साध्या पद्धतीने बसवावा. एकच कार्ड सर्व प्रदेशांच्या यंत्रांवर चालावे असाही एक पर्याय असतो, पण तो कार्डाच्या फायलींच्या मूळ रचनेत मुद्दाम फेरफार करतो, म्हणून गरज नसेल तर टाळावा. बसवणे चालू असताना वीज गेली तर कार्ड बिघडू शकते. जिथे दुपारी वीज ये-जा करते तिथे हे काम इन्व्हर्टरवर करावे.

गेम कुठून चालवावेत

फ्री मॅकबूटच्या यादीतून ओपन पीएस२ लोडर, म्हणजे ओपीएल, हा गेम चालवणारा प्रोग्रॅम सुरू करावा. गेम म्हणजे आपल्या मालकीच्या डिस्कची संगणकावर काढलेली प्रतिमा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास नाश किंवा हानीपासून संरक्षणासाठी राखीव प्रत करण्याची मुभा आहे; दुसऱ्याच्या गेमची प्रत उतरवून घेणे या मुभेत बसत नाही. तेव्हा आपल्या डिस्क नीट ठेवाव्यात आणि त्यांच्याच प्रती काढाव्यात.

सर्वांत सोपा मार्ग पेन ड्राइव्हचा. त्यावर ‘डीव्हीडी’ आणि ‘सीडी’ अशी इंग्रजी मोठ्या अक्षरांतील नावांची दोन फोल्डर करून मूळ डिस्कच्या प्रकाराप्रमाणे प्रतिमा त्यांत ठेवाव्यात. येथे नवशिक्यांना तीन गोष्टी हमखास अडवतात. पहिली, एफएटी ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही; ती तुकडे करून ठेवावी लागते, किंवा ओपीएलची नवी आवृत्ती घेऊन एक्सएफएटी वापरावे लागते. दुसरी, फाइल ड्राइव्हवर सलग जागेत असायला हवी. म्हणून नव्याने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर एकामागून एक अशाच फायली कॉपी कराव्यात; मधले गेम पुसून त्या फटींत नवे भरू नयेत. तिसरी गोष्ट यंत्राच्या मर्यादेची आहे. या यंत्रातील यूएसबी १.१ आवृत्तीची आहे, तिचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट. ड्राइव्ह कितीही महागडा घेतला तरी गेममधील चित्रफिती अडखळणार. खेळ सुरळीत चालतो आणि मध्येच लागणारा छोटा सिनेमा तुटक दिसतो, तेव्हा बिघाड शोधत बसू नये.

चित्रफिती नीट हव्या असतील तर फॅट यंत्राला नेटवर्क अडॅप्टर आणि हार्ड डिस्क हा माझ्या मते आजही सर्वोत्तम मार्ग आहे. मूळ अडॅप्टर जुन्या आयडीई जोडणीच्या डिस्कसाठी आहे, पण त्यातील जोडणीचा भाग बदलणारे बोर्ड मिळतात आणि मग नंतरच्या साटा जोडणीची डिस्क, अगदी लॅपटॉपमधून निघालेली एसएसडीसुद्धा, बसते. गेम त्वरेने उघडतात आणि डिस्क ड्राइव्ह शांत राहतो. स्लिमधारकांनी नेटवर्कच्या केबलने घरातील संगणकावरून गेम चालवावेत, किंवा दुसऱ्या मेमरी कार्डाच्या खाचेत बसणारा, एसडी कार्ड घेणारा एमएक्स४एसआयओ अडॅप्टर घ्यावा. संगणकाचा मार्ग निवडला तर एक सावधगिरी आवश्यक आहे: ओपीएलच्या जुन्या पद्धतीला फायली वाटून घेण्याचा असुरक्षित जुना प्रोटोकॉल चालू करावा लागतो, तेव्हा ज्या संगणकावर बँकेची कामे होतात त्यावर तो उघडू नये.

एखादा गेम पांढऱ्या किंवा काळ्या पडद्यावर अडकला तर ओपीएलमध्ये त्या गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन कंपॅटिबिलिटीचे (गेमशी जुळवून घेण्याचे) मोड एकेक करून चालू करावेत. कोणता मोड लागला ते वहीत गेमच्या नावापुढे लिहावे. सगळे मोड एकदम चालू करण्याचा मोह टाळावा.

मॉडनंतरची निगा

यंत्र बंद कपाटात चालवू नये. मागे आणि बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडावी. वापर रोजचा असेल तर पंखा आणि जाळी सहा महिन्यांतून एकदा झाडावी. पावसाळ्यात कुंद हवेचे दिवस लागले की यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, पण पिशवीत अडकलेला दमटपणाच आतील धातूला गंज आणि लेन्सला बुरशी आणतो. सुती कापड टाकून ते मोकळे ठेवावे, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पंधरवड्यातून एकदा अर्धा तास चालू करावे, म्हणजे आतील उष्णतेने ओल उडून जाईल.

आणि गेम आता हार्ड डिस्कवरून चालत असले, तरी त्या अर्ध्या तासात एक मूळ डिस्क जरूर लावावी. लेन्सचा गाडा न हलता वर्षभर एकाच जागी राहिला तर दांड्यांवरचे नवे ग्रीसही तिथेच घट्ट होत जाते. डिस्क फिरू लागल्यावर कान देऊन ऐकावे: सुरुवातीची हलकी टकटक आणि नंतर एकसुरी गुणगुण असेल, तर सारे ठीक आहे. घासल्याचा किंवा पुन्हा पुन्हा अडखळल्याचा आवाज आला, तर डिस्क लगेच बाहेर काढून तिची खालची बाजू तिरप्या उजेडात धरावी आणि झाकण उघडण्यासाठी बारीक ड्रायव्हर शोधावा.